मास्तरांचा पाच

मंदी आली तेव्हा पहिले दोन महिने आम्हाला मान वर करायला फुरसत नव्हती. आम्ही दुकानांच्या पाट्या रंगवतो. ‘गाळा भाड्याने देणे आहे’, ‘शेवटचे आठ दिवस’, ‘सगळा माल अर्ध्या किमतीत’ असल्या पाट्यांचा ढीग लागला. मग बंद व्हायला दुकानंच उरली नाहीत आणि आमची पाळी आली.

मालकांनी आम्हा पाचही जणांना बोलावून एकेक कोरी चिठ्ठी दिली.

“घर चालवायला महिन्याला कमीत कमी किती लागतात, तेवढा आकडा लिहा. नाव लिहू नका, म्हणजे कोणाची भीड नको. सोमवारी या डब्यात टाका. त्यावरून मी पगार बसवतो. बसले सगळे तर बसले, नाहीतर एकाला थांबावं लागेल.”

नाव नको म्हणे. अक्षर हाच ज्यांचा धंदा, त्यांना नाव कशाला लागतं? कोणाचा दोन आणि कोणाचा सात, हे आम्ही रस्त्याच्या पलीकडून ओळखतो. मालकांनी स्वतः दहा वर्षं ब्रश धरलेला. पण हे बोलायचं कोणी?

माझा पगार सत्तावीस हजार. त्या संध्याकाळी बायकोने वही काढली. भाडं, मुलीची फी, गॅस, वीज, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या. माझे केस कापणं तिने आधी ‘किरकोळ’मध्ये टाकलं, मग तेही खोडून ‘घरीच कापू’ असं लिहिलं. इतकं करूनही आकडा पंचवीसच्या खाली येईना.

“तीस लिहा, भाऊजी,” मेहुणा म्हणाला. “तीस मागाल तेव्हा पंचवीस मिळतील.”

“वीस लिही,” आई म्हणाली. “नोकरी टिकली तर पुढे वाढतील.”

“खरं ते लिही,” बायको म्हणाली. “विचारलंय ना त्यांनी?”

तिघांचंही मला पटत होतं, हीच तर पंचाईत. जास्त लिहावं तर नोकरी जाते, कमी लिहावं तर नोकरी राहून घर बुडतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आठवडाभर कामावरही मी पंचवीसचाच जप करत होतो. मास्तर शेजारी बसून ऐकून घ्यायचे.

मास्तर आमच्यातले सगळ्यात जुने. मला ब्रश धरायला त्यांनीच शिकवलं. पहिली तीन वर्षं मी त्यांच्या अक्षरांवरून हात फिरवण्यापलीकडे काही केलं नाही. त्यांचा पाच बघत राहावा असा, पोट मोठं आणि शेपूट शेवटी जराशी वर उचललेली. माझी ओळख म्हणजे दोनाचा लांब, आडवा पाय. त्या पायावरून त्यांनी मला बगळा म्हणायला सुरुवात केली आणि पुढे सगळेच म्हणायला लागले.

सोमवारी मी ठरवलं, पंचवीसच लिहायचे, पण अक्षर लपवायचं. दोनाचा पाय आखूड काढला. पाच काढताना मात्र हात जुन्या वळणावर गेला. मला दोनच वळणं येतात, एक माझं आणि एक मास्तरांचं. कागदावर उतरला तो मोठ्या पोटाचा, वर उचललेल्या शेपटीचा पाच. खोटं कशाला बोलू, बघितल्याबरोबर मला कळलं होतं. डब्याशेजारी कोरे कागदही पडले होते. मी चिठ्ठीची घडी घातली आणि डब्यात टाकली. मास्तरांना काढायची मालकांची काय छाती, अशी मनाची समजूत घातली.

मंगळवारी मालकांनी मला आत बोलावलं.

“बगळ्या, तू समजूतदार निघालास,” ते म्हणाले. “एकवीस. मला खरंच वाटलं नव्हतं.”

त्यांनी चिठ्ठी पुढे सरकवली. दोनाला लांब, आडवा पाय होता. मी स्वतः काढला असता तरी इतका झोकदार आला नसता.

“तू एकवीसवर कायम. मास्तरांना मात्र थांबायला सांगितलं. सगळ्यात वरचा आकडा त्यांचा, पंचवीस. या वयात एवढे कशाला लागतात, कोण जाणे.”

‘पंचवीस माझे’ एवढे दोनच शब्द बोलायचे होते. मी “बरं” म्हणालो आणि बाहेर आलो.

मास्तर मागच्या दाराशी रॉकेलच्या डब्यात ब्रश धूत होते.

“एकवीस तुम्ही लिहिलेत?”

“हो. आठवडाभर पंचवीस पंचवीस करत होतास. पंचवीसवाला राहणार नाही, हे मला दिसत होतं. म्हणून तुझ्या अक्षरात एकवीस टाकले. तुझ्या दोन चिठ्ठ्या निघाल्या असत्या तरी मालकांनी कमीचीच खरी धरली असती. त्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे.”

“आणि तुमची?”

“माझी निघाली नाही की बोलावून विचारतील, असं वाटलं होतं. समोरासमोर बोलता आलं असतं.” त्यांनी ब्रश फडक्याला पुसला. “पण माझी निघाली.”

त्यांनी दुसरा ब्रश डब्यात बुडवला.

“शेपूट जास्त वर गेली तुझी,” ते म्हणाले. “घाबरला होतास वाटतं.”

ते चिडले असते तर बरं झालं असतं. दोन शिव्या दिल्या असत्या तर निदान माझी जागा मला कळली असती. मला वाचवलं म्हणून त्यांच्या पाया पडायचं, मला न विचारता माझे चार हजार कमी केले म्हणून भांडायचं, की माझ्यामुळे त्यांची नोकरी गेली म्हणून तोंड लपवायचं? मला तिन्ही एकदम करावंसं वाटत होतं. मी त्यांचा डबा उचलून जागेवर ठेवला, एवढंच केलं.

घरी बायको वही घेऊनच बसली होती.

“किती ठरले?”

“एकवीस.”

“तू एकवीस लिहिलेस?”

मग मी सगळं सांगितलं. कोरे कागद शेजारी पडले होते, तेही सांगितलं. चार हजारांवरून ती मला फाडून खाईल असं वाटलं होतं.

“मास्तरांना किती लागतात?” तिने विचारलं.

“म्हणजे?”

“महिन्याला. त्यांचं घर कितीत चालतं?”

एकोणीस वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. त्यांचा पाच मला झोपेतही काढता येईल. पण त्यांच्या घरात खाणारी तोंडं किती, भाडं किती, औषधं कोणाची, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. डब्यातल्या पाच चिठ्ठ्यांपैकी एकीवरही त्यांचा आकडा नव्हता.

तिने वहीतलं एक कोरं पान फाडून माझ्यापुढे ठेवलं.

“जा, विचारून ये. आणि उद्या मालकांना सांग, पंचवीस कोणी लिहिले ते.”

“मग मी जाईन कामावरून.”

“माहीत आहे,” ती म्हणाली आणि वही मिटली.

मी पान खिशात घालून दाराशी गेलो. चपला घालायला वाकलो, तर उजवी कुठली आणि डावी कुठली, हेच मला कळेना.