सायमीची हाक

हिल्ला कुठे पिकतो, हे आमच्याकडे सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. हिल्ला म्हणजे दलदलीतलं केशरी फळ. राष्ट्रीय उद्यानात ते वेचायला कुणाची ना नाही, पण जागा ज्याची त्याची. जागेवर असताना कुणी हाक मारली, तरी ओ द्यायची नाही.

अकरा वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण सायमी माझ्या मागावर आली आणि वाट चुकली. "हेल्वी, आहेस का गं तिथे?" तिने तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा रडत. मला वाटलं, माझी जागा हुडकायला वाट चुकल्याचं सोंग करतेय. मी बादली मांडीत घेऊन झाडामागे बसून राहिले. सायमी पुन्हा कुणाला दिसली नाही. अख्खं गाव शोधून दमलं. मी तिला ऐकलं होतं, हे माझ्या नवऱ्याला, ताउनोलासुद्धा सांगितलं नाही. लाज वाटते.

म्हातारी माणसं म्हणाली, जंगलाने तिला आपल्या पांघरुणाखाली घेतलं. पांघरुणातलं माणूस आपल्याला बघतं, ऐकतं. आपल्याला मात्र ते दिसत नाही, ऐकू येत नाही. सुटायचं तर जॅकेट उलटं घालायचं आणि आतल्या कुणाला ओ द्यायची नाही. मी या गोष्टींना हसायची.

यंदा जुलैत, भर दुपारी, त्याच जागी डास एकदम गप्प झाले. क्रौंच पक्ष्यांनी चोची उघडल्या, आवाज आला नाही. रोजचे पाइन अनोळखी दिसायला लागले. मी मुकाट्याने जॅकेट उलटं केलं. लगेच वाट दिसली. टोकाला आमची गाडी होती आणि ताउनो थर्मासमधून कॉफी ओतत होता.

मागून हाक आली. "हेल्वी, आहेस का गं तिथे?"

आवाज अकरा वर्षांत जराही बदलला नव्हता. पळावंसं वाटत होतं. दुसरी हाक मी सोसली. तिसरीला ती रडली, तेव्हा जॅकेट काढून सुलट घातलं.

"आहे गं. इथेच आहे."

सायमी झुडपांतून आली, तशीच, सव्वीस वर्षांची. "किती उशीर," म्हणाली आणि माझ्या बादलीत डोकावली.

तासाभराने ताउनो हाका मारत आला, आमच्यापासून पाच हातांवर. मी प्रत्येक हाकेला घसा फोडून ओ दिली. तो थांबला, कान दिला, मग हसला.

"जागेवर असणार. कशाला ओ देतेय," असं पुटपुटत तो गाडीकडे परत गेला.