सत्तेचाळीस थांबलेत, खुर्च्या रिकाम्या

मित्रांनो, मी एक जुनी टोकनपेटी आहे. बटण दाबलं की माझ्या तोंडातून नंबराची चिठ्ठी निघते आणि पाळी आली की मी तो नंबर पुकारते. शिक्षण माझं एक ते नऊशे नव्व्याण्णव, बस्स. पण तेवढ्यावर मी बावीस वर्षं इस्लामी बँकेची शाखा चालवली आहे. मॅनेजरबाई पुआन सुराया म्हणतील, त्यांनी चालवली. म्हणू देत.

माझा जन्म क्वालालंपूरच्या कारखान्यातला. तिथून मी केलांतान राज्यात आले, पासिर जेरामच्या बाजारात. इथे धंदा बायकांच्या हातात आणि हातात सोन्याच्या बांगड्या. आमच्या बँकेत व्याज नाही. बांगडी ठेवायची, पैसे न्यायचे आणि बांगडी सांभाळल्याचं भाडं द्यायचं. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून रविवारी बांगडी तिजोरीत, त्या पैशांत होडीवरची मासळी घ्यायची. बुधवारपर्यंत तिचे केरोपोक, म्हणजे माशाचे पापड, तळून विकले की बांगडी पुन्हा मनगटावर!

बँक नऊला उघडते, पण मी असते तो ओटा राखणदार सातलाच उघडतो. बायका येतात, चिठ्ठ्या काढतात आणि आपापल्या दुकानावर जातात. माझा कर्णा खिडकीबाहेर बाजाराकडे तोंड करून टांगलाय. माझा आवाज थेट मासळीच्या ओळीपर्यंत पोचतो. आहे कुणाचा असा?

गेल्या साली मुख्य कचेरीचं पत्र आलं. राज्यातल्या सगळ्या शाखांत आमची सर्वांत मंद, गिऱ्हाईक सरासरी अडीच तास थांबतं, सबब शाखा बंद करून शहरात हलवावी. शहर म्हणजे बसने दीड तास जायला, दीड तास यायला. तोवर मासळी नासणार, बाजार बसणार! आणि तो अडीच तासांचा आकडा दिला कुणी? मीच. चिठ्ठी निघाल्यापासून पुकारेपर्यंतचा वेळ माझ्या पोटात नोंदला जातो. माझा दिवा शरमेने लुकलुकला.

मग तपासनीस आले, एन्चिक झुल्हैरी. इथे साहेबांना एन्चिक म्हणतात. बुटांना इतकं पॉलिश की त्यात माझं तोंड दिसलं. साडेनऊला त्यांनी माझ्या पडद्यावर पाहिलं.

“सत्तेचाळीस गिऱ्हाइकं थांबली आहेत.” त्यांनी मान वर केली. पंधरा खुर्च्या, पंधराही रिकाम्या. “आहेत कुठे?”

“बाजारात,” पुआन सुराया म्हणाल्या.

“मग थांबलंय कोण?”

मी काय सांगणार? मला येतात ते नंबरच. सगळा जीव गोळा करून मी पुकारलं, “नंबर बारा! काउंटर एक!”

केरोपोकवाली मेक सेनाह, म्हणजे सेनाहमावशी, कढई सोडून पळत आली. कोपरापर्यंत पीठ.

“हा कोण गं सुराया? तुझा होणारा जावई?”

“तपासनीस आहेत, मेक. शाखा बंद करायची म्हणतात.”

“का रे बाळा?”

“मेक, तुम्हाला इथे अडीच तास थांबावं लागतं.”

“मी थांबले? चिठ्ठी काढल्यापासून चार टोपल्या विकल्या! थांबायला मला काय तुझ्यासारखा पगार आहे?”

एन्चिक लालबुंद. “पण नोंदीत तुमची ही एकच बांगडी वर्षात चाळीस वेळा आत-बाहेर. कारकुनांचा किती वेळ जातो!”

“चाळीसदा आत आली म्हणजे चाळीसदा माझी मासळी विकली गेली. घरी कपाटात पडली असती, तर तुला भाडं काय कपाटाने दिलं असतं? लाव तुझं घड्याळ. मी उभी आहे तोवर मोज.”

लावलं! बांगडी तोलली, कागद झाला, अंगठा उठला. पाच मिनिटं! मी पुकारलं तेरा, भाजीवाली हजर. चौदा, बाटिकवाली हजर. माझा कर्णा नुसता थरथरत होता. दुपारच्या नमाजाआधी सत्तेचाळीसही चिठ्ठ्या संपल्या, आणि एन्चिक एका हातात घड्याळ, दुसऱ्यात केरोपोक घेऊन हसत होते. अहवालात त्यांनी लिहिलं: वेळ काउंटरवर आल्यापासून मोजावा, तसा मोजला तर ही राज्यातली सर्वांत चपळ शाखा.

शाखा राहिली. मला बदलून नवी पेटी पाठवणार होते. मेकने विचारलं, “तिचा आवाज मासळीपर्यंत पोचतो का?” पोचणार नव्हता. मी राहिले.

तेव्हा मित्रांनो, माझं बटण हळू दाबा, पिठाचे हात पुसून दाबा. म्हातारी आहे मी. आणि मोठे होऊन कुणाला मंद ठरवायची वेळ आली, तर आकडा वाचल्यावर मान वर करून खुर्च्याही बघा.

बरं, सरका आता. नंबर एकशे सहा! काउंटर दोन!