माहगुलची डबी

आश्रितास अट घालण्याचा अधिकार घरमालकास असतो, हे मान्य करावे. मात्र जी अट आपणांस स्वतःस पाळता येईल की नाही हे ठाऊक नाही, ती उच्चारण्यापूर्वी मनुष्याने क्षणभर थांबावे. तळवलीचे हिरामण थांबले नाहीत.

त्यांच्या चाळीतील शेवटच्या खोलीत अफगाणिस्तानातून परागंदा झालेल्या दोघी राहत, वृद्ध माहगुल आणि तिची सून नसरीन. निर्वासितांच्या पोटात जंत असतात, असे कोणीसे सांगितल्यावरून हिरामणांनी बजावले, "तपासनीत जंत निगाले त खोली खाली." न्याय दिसावा म्हणून स्वतःचाही नमुना त्यांनी ऐटीत देऊ केला.

आरोग्यसेविका सुनयना शौचाच्या नमुन्यासाठी झाकणाच्या डब्या वाटून गेली. नसरीन त्या वेळी कामावर होती आणि माहगुलला इथली भाषा येत नव्हती. परंतु दारी आलेले भांडे रिकामे परत धाडू नये, हा आचार तिच्या डोंगरी गावातही आपल्याइतकाच पाळला जातो. तिने डबी धुऊन पुसली, सुकी तुती व अक्रोड कुटून केलेला गडद तपकिरी खाऊ तीत दाबून भरला, वर वेलची भुरभुरली आणि सकाळी दोन्ही हातांनी सुनयनेस अर्पण केली. घाईत असलेल्या सुनयनेने न उघडताच तीवर नावाची चिठ्ठी डकवली.

दुपारी प्रयोगशाळेतून प्रसादचा फोन आला.

"मॅडम, या आजी खातात तरी काय? सॅम्पलला वेलचीचा वास येतोय. इकडे स्टाफला भूक लागलीय."

संध्याकाळी सुनयना चाळीत परतली, तेव्हा नसरीनने सासूच्या कानात डबीचे खरे प्रयोजन सांगितले. माहगुलने ओढणी तोंडावर ओढली. काही काळ केवळ खांदे हलताना दिसले. मग तिचे हसू नसरीनकडे, तिच्याकडून सुनयनेकडे गेले, आणि हिरामणांची पत्नी काशी पोट धरून पायरीवरच बसली. नवी डबी योग्य रीतीने रवाना झाली.

तिसऱ्या दिवशी अंगणात अहवाल वाचले गेले.

"आजींना जंत आहेत," सुनयना म्हणाली. नसरीनचा चेहरा उतरला.

"बग, मी काय बोल्लो व्हतो," हिरामण म्हणाले.

"आणि काका, तुम्हालापण. सेम तेच."

"मना? माज्या घरान फिल्टर हाय, बाय."

"आणि भाजी कुठे धुता? अंगणातल्या टाकीवर. तिला गटाराच्या बाजूने तडा गेलाय. टेन्शन घेऊ नका, गोळी चावून खायची, झालं."

काशी गंभीर मुद्रेने उठली. "मंग आपली ट्रंक कवा भरू? जंत निगाले त खोली खाली, तुमीच बोल्लाव."

हिरामणांनी टाकीकडे पाहिले, पत्नीकडे पाहिले, आणि त्यांचेच पोट हसण्याने गदगदू लागले. डोळे पुसत ते नसरीनला म्हणाले, "कोन कुटं जात नाय, पोरी. गवंडी उद्याच बोलवतो."

मग मालक आणि भाडेकरू एका ओळीत उभे राहून, वाकडी तोंडे करीत, गोळ्या चावू लागले.

ज्यांना घर सोडावे लागले त्यांचे अन्न त्यांच्या अंगी लागो. ज्यांनी घर दिले त्यांचेही लागो. त्या अंगणातील सर्वांस आरोग्य लाभो.