एकशे अडतीस टाके

मित्रांनो, मी एक जुनं घड्याळ आहे. पण नुसती वेळ सांगण्यावर माझं भागत नाही. मी मनगटावर बसून माणसाची पावलं मोजतो आणि काळजाचे ठोकेही मोजतो. माझ्या काचेवर एक चरा आहे. पट्ट्याची कडी तुटली आहे, तिथे काळा दोरा गुंडाळला आहे. तो माझ्या मालकांनी गुंडाळला.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला पाण्यात बुडवलं, उंचावरून पाडलं, तापवलं, गारठवलं. एवढं सोसल्यावर आता आपलं कोण काय वाकडं करणार, अशा घमेंडीत मी खोक्यात बसलो.

ते खोकं एका शिंप्याच्या दुकानात उघडलं. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. वय बासष्ट, गळ्यात टेप, कानामागे खडू. त्यांच्या छातीचं मोठं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून परगावी नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीने मला पाठवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना बजावलं होतं, "सपाट रस्त्याने रोज अर्धा तास चाला. ठोके एकशेदहाच्या वर जाऊ देऊ नका."

"टाके म्हणा की!" मास्तर म्हणाले होते. "आम्हाला तेच मोजायची सवय."

डॉक्टरीणबाई हसल्या होत्या. हा किस्सा मास्तर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे. तेव्हापासून दुकानात ठोक्यांना टाकेच म्हणू लागले. लेकीला मात्र हा विनोद कुणी सांगितला नव्हता.

आता माझ्या सोबत्यांविषयी सांगतो. मास्तरांच्या फोनमध्ये माझं स्वतःचं ॲप आहे. मी जे मोजतो ते त्यात उतरतं. त्याच्या शेजारी नकाशाचं ॲप आहे. माणूस जिथून चालतो तिथे ते केशरी रेघ काढतं. ठोक्यांतलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण दिसायला देखणं! माझ्या ॲपमध्ये सगळ्या वाकड्यातिकड्या चढउतारांच्या रेघा. त्या कोण बघणार? मला त्या नकाशाचा हेवा वाटायचा, हे कबूल करतो.

लेकीने दोन्ही ॲप एकमेकांना आणि स्वतःच्या फोनला जोडून दिली आणि पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. एकच चालणं नकाशानेही पाठवलं आणि मीही पाठवलं. दोन किलोमीटरचे चार झाले.

"अगं, एकच कापड दोनदा मापलंय याने!" मास्तर फोनवर हसत म्हणाले.

लेक घाईत होती. "मग घड्याळाकडून येणारं बंद करा, बाबा. ते बटण डावीकडे सरकवा. नकाशाचं राहू द्या."

मास्तरांनी बटण सरकवलं. हिशेब जुळला, दोघंही खूश झाली. पण त्या दिवसापासून लेकीच्या फोनवर फक्त नकाशाची रेघ जाऊ लागली. ठोके जायचे बंद झाले. आणि मास्तर समजत राहिले की लेकीला सगळं दिसतं.

एकदा चालून आल्यावर मास्तरांनी नकाशा पाहिला, तर रेघ हुबेहूब कॉलरसारखी दिसत होती. उभा जन्म कापड बेतण्यात गेलेला माणूस तो! त्यांनी कागदावर गल्ल्या आखल्या आणि नातीसाठी चालून चालून फ्रॉक बेतायला घेतला. बागेभोवती घेर, पोस्टामागच्या गल्लीतून गळा. डावी बाही सपाट रस्त्यावर आली. उजवी बाही मात्र पाण्याच्या टाकीच्या चढावर जात होती.

"एका बाहीचा फ्रॉक कुणी घालतं का?" ते स्वतःशीच म्हणाले आणि चढाला लागले.

नातीला, छकुलीला, तो फ्रॉक इतका आवडला की ती फोनवर ओरडली, "आजोबा, खिसा राहिला!" मग खिशासाठी आणखी एक फेरी. लेक रोज लिहायची, "शाब्बास बाबा!" त्या दोन शब्दांसाठी मास्तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चढ चढायचे.

मी गप्प नव्हतो. एकशेदहा ओलांडले की मी थरथरायचो. पण मी फोनवरच्या प्रत्येक निरोपालाही थरथरायचो, आणि काजं करताना मास्तरांची सुई घसरायची. एक दिवस वैतागून त्यांनी माझं थरथरणं सरसकट बंद केलं. सुक्याबरोबर ओलंही जळलं. मग माझ्याकडे काचेवरचा लाल आकडा तेवढा उरला.

तो त्यांना दिसायचा. ते घाबरायचेही. म्हणूनच त्या संध्याकाळी त्यांनी मशीन चालवता चालवताच लेकीला फोन केला. "पोरी, आज एकशे अडतीस टाके झाले गं."

मशीनची खडखड ऐकून तिला वाटलं, बाबा आज केलेल्या काजांचे टाके मोजून सांगतायत. ती म्हणाली, "कशाला एवढं करत बसता बाबा? डोळ्यांवर ताण येतो. बाकी चालणं एकदम मस्त चाललंय. असंच चालू ठेवा!"

मास्तरांचा चेहरा खुलला. लेकीने आकडा ऐकला, वर चालू ठेवा म्हणाली, मग भिण्याचं कारण काय? दुसऱ्या दिवशी एकशे एकेचाळीस, मग एकशे सेहेचाळीस. रोज ते आकडा सांगायचे. रोज ती डोळे जपायला सांगायची. मी दोघांच्या मध्ये बसून सगळं ऐकत होतो आणि माझा जीव तुटत होता.

एका गुरुवारी सकाळी टाकीच्या चढावर मास्तरांनी विजेच्या खांबाला हात टेकला आणि ते खाली बसले. त्यांचा घाम माझ्या काचेवर ओघळला. ठोके आधी धावले, मग अडखळू लागले. समोरचा किल्लीवाला हातातली कानस टाकून धावत आला. त्याने मास्तरांचं डोकं मांडीवर घेतलं आणि रुग्णवाहिका बोलावली. नकाशाचं ॲप तेव्हाही चालूच होतं. थांबलेल्या जागी त्याने एक छोटासा केशरी ठिपका काढला.

मास्तर वाचले. लेक मिळेल त्या गाडीने आली. दवाखान्याच्या बाकावर बसून तिने त्यांच्या फोनमध्ये माझं ॲप पहिल्यांदा नीट पाहिलं. लाल दिवसांमागे लाल दिवस सरकत गेले. मास्तरांना बोलता आल्यावर ती म्हणाली, "बाबा, हे मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "रोज सांगितलं. इतके टाके झाले म्हणून."

लेकीने तोंडावर हात दाबून धरला.

आता मी थकलो आहे. एकदा चार्ज केलं की जेमतेम अर्धा दिवस टिकतो. पण ठोके पुन्हा लेकीपर्यंत जातात, आणि संध्याकाळी ती दोन्ही ॲप उघडूनच मास्तरांना व्हिडिओ कॉल करते. सगळं सुरळीत झालं, असं मात्र समजू नका. मास्तर आता लपवायला शिकले आहेत. लेकीला पुन्हा काळजी नको, म्हणून. परवा फोन वाजला तेव्हा ते नुकतेच जिना चढून आले होते. त्यांनी तो वाजू दिला. खुर्चीत बसले, मला बाहीखाली झाकलं आणि माझा आकडा ब्याऐंशीवर येईपर्यंत थांबले. मग त्यांनी स्वतःच फोन लावला.

"बघ, ब्याऐंशी!" त्यांनी मला ऐटीत समोर धरलं. मित्रांनो, मी खोटं बोललो नाही, तरी मला शरम वाटली.

लेकीने मघाचे ठोके आपल्या फोनवर पाहिले होते. ती रागावली नाही. "दम लागला होता का?" एवढंच तिने विचारलं.

"छे गं." मास्तर रिळं लावायला लागले. लाल रीळ पांढऱ्यात गेलं, ते त्यांनी परत काढलं. लेकीने फोन ठेवला नाही. ती बघत राहिली.

"लागला होता," शेवटी मास्तर म्हणाले. "पायरीवर बसलो होतो. भीती वाटली गं मला."

मित्रांनो, मला घामाने मळू देऊ नका, वेळेवर चार्ज करा, माझे इशारे सरसकट बंद करू नका. एवढं केलंत तर मी वर्षानुवर्षं इमानाने आकडे देईन. पण आकड्यावर आणि रेघेवर भागवू नका. आपल्या माणसाला शाब्बास म्हणण्याआधी त्याला काय होतंय ते विचारा. आणि खरं उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका.