गोवऱ्यांखालचे दगड

अंबाजीने दगडाला जीभ लावली, डोळे मिटले आणि थोडा वेळ तसाच उकिडवा बसून राहिला. मग पुढच्या दगडाकडे सरकला. अंगणात दगडांच्या रांगा मांडल्या होत्या आणि रावजी आपल्या बैलगाडीला टेकून, आरती संपायची वाट पाहावी तसा, मुकाट उभा होता.

“गोड झालेत,” शेवटी अंबाजी म्हणाला. “उद्या सकाळी गाडी आन.”

“तुमी सांगितलंत, सपलं,” रावजी म्हणाला. “तात्यांनी चाखलेल्या दगडाची भिंत रडत न्हाय.”

नुकतीच एस.टी. येऊ लागलेल्या मुरुडजवळच्या त्या गावात हे सगळेच म्हणत. घर बांधायला तिथे समुद्राचाच दगड. लाटांनी आणलेली वाळू आणि शिंपल्यांचा चुरा किनाऱ्यावर थरावर थर बसत जातो. शिंपल्यांतला चुना पाण्यात विरघळतो, दाण्यादाण्यांत शिरतो आणि तिथेच गोठून त्यांना धरून ठेवतो. ओहोटीला पहार घालून अंबाजी त्या दगडाच्या लाद्या सोडवी. पण समुद्राच्या दगडात समुद्राचं मीठही असतं. अख्खा पावसाळा तो उघड्यावर धुऊन निघाला पाहिजे. घाई केली तर भिंत पाझरते, गिलावा पापुद्र्यांनी सुटतो आणि घरधनी जन्मभर दगड देणाऱ्याचा उद्धार करत बसतो.

अंबाजीची सून बायजा आत डोंगराकडच्या पाली गावची. तिच्या माहेरी दगड काळा, नांगराला आडवा येणारा. तो कधी झाला असेल, हा प्रश्न कुणाला पडत नसे. लग्नानंतर ती पहिल्यांदा समुद्रावर गेली तेव्हा सासऱ्याने वाळूतून एक ढेकूळ काढून तिच्या हातावर ठेवलं होतं. ते निम्मं चुरलं, निम्मं घट्ट राहिलं.

“ह्यो अजून दगड व्हतोय,” तो म्हणाला होता. “कच्चा हाय. ठेव त्याच्या जागंवर.”

नवरा दयाराम मुंबईला गिरणीत होता आणि सासू ठमाबाई गेल्या शिमग्यात वारली होती. घरात ही दोघंच. बोलणं बेताचंच होई, पण जीव होता दोघांचा एकमेकांवर.

त्या दुपारी अंबाजीने कालवणभात खाल्ला, बोटं चाटली, “बेस झालंय” म्हणाला आणि ओसरीवर जाऊन बसला. मग बायजा जेवायला बसली. पहिलाच घास तिच्या तोंडात फिरेना. कालवणात मीठच नव्हतं. तिने उठून मिठाच्या मडक्यात हात घातला. सासऱ्याने आपलं मन राखलं, असं तिला वाटलं. आणि मग चिमूट हातातच राहिली. हाच माणूस सकाळभर दगड चाखत होता.

तो संध्याकाळी समुद्राकडे गेल्यावर बायजा अंगणात उतरली. इकडेतिकडे पाहिलं आणि खाली वाकून एकेका दगडाला जीभ लावली. बरेचसे गोड होते. काहींनी मात्र जीभ चुरचुरली. तिला कारण कळायला वेळ लागला नाही. दरवर्षी दगड उभे लावत, मध्ये फट ठेवून. यंदा अंबाजीची कंबर धरली होती, म्हणून पावसाळाभर त्याने ते एकावर एक आडवे रचून ठेवले होते आणि मधल्यांना पाऊस लागलाच नव्हता.

सांगायचं कसं? ज्या जिभेवर गाव घरं बांधतं ती जीभच राहिली नाही, हे सुनेने कोणत्या तोंडाने सांगावं? आणि न सांगावं तर पुढच्या पावसात रावजीची भिंत रडणार, अंबाजीचा शब्द मातीत जाणार. या वयात दुसरं काय होतं त्याच्याकडे? शेवटी ती गोठ्यात गेली आणि शेणाची पाटी घेऊन आली.

सकाळी रावजीने बैल थांबवले.

“तात्या, ह्ये काय? दगडांवर गोवऱ्या?”

अंबाजी बाहेर आला. खाऱ्या दगडांवर तेवढ्या ओल्या गोवऱ्या थापलेल्या होत्या. तो बघत राहिला. दाराआड बायजा कान देऊन उभी होती.

“वल्या हायत,” तो सावकाश म्हणाला. “हलवल्या तर मोडतील. ते ऱ्हाऊ देत. बाकीचे ने. ह्ये फुडल्या वर्साला.”

“गोवऱ्यांपायी माजी भिंत अडली म्हना की,” रावजी हसला आणि गाडी भरू लागला.

पहिली खेप निघून गेली. अंबाजी पायरीवर बसला.

“बायजे, काल कालवणात मीठ नव्हतं ना?”

ती दारात आली. “तुमाला कळलं, मामंजी?”

“न्हाय. तू मडक्यात हात घातलास त्ये ओसरीवरनं दिसलं, तवा कळलं. जीभ मोठ्या तापात गेली. दयाराम रांगत व्हता तवा.”

“मंग इतकी वर्सं दगड?”

त्याने शेजारच्या गोवरीवर हलकेच तळवा ठेवला.

“ठमी बी असंच करायची. माज्या मागं चाखून नेमक्या खाऱ्या दगडांवर थापायची. मी लोकांदेखत वरडायचो, अंगण घान केलंस म्हनून. ती आपली गप.”

“तुमी वळखलंय, ह्ये आत्याबाईंना कधी कळलं व्हतं?”

“न्हाय. तिला वाटायचं, आपन झाकून ठेवलंय.” त्याने गोवरीची कड बोटाने नीट केली. “एकदा तरी बोलाया हवं व्हतं गं. यंदा ती न्हाय. उगा जीभ लावत बसलो, वाटलं, एखांदा तरी कळंल.”

बायजा आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आली. तो प्यायला. मग त्याने काल समुद्रावरून आणलेली दगडाची कपरी तिच्यापुढे धरली. तिने पदर सावरला आणि सासऱ्यासमोर जीभ लावली.

“खारा हाय.”

“लई?”

“लई.” मग कपरी त्याच्या हातात परत देत ती म्हणाली, “फुडल्या पावसाला दगड उभे लावू. मी हात देते.”

अंबाजीने मान हलवली. तेवढ्यात वळणावर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. रावजी दुसऱ्या खेपेला येत होता. अंबाजीने डोळे पुसले, गुडघ्यावर हात देऊन उठला आणि गाडी अंगणात शिरताच त्याने आवाज चढवला.

“किती येळा सांगितलं तुला पोरी, अंगणात गोवऱ्या थापू नगंस म्हनून!”

बायजाने पदर तोंडावर ओढून घेतला आणि खाली मान घालून गप उभी राहिली.