फाटकाच्या आतली हाक

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा टेलर मास्तरांच्या मशीनच्या सुईखाली कुणाच्या तरी शर्टाची बाही होती. सकाळचे दहा वाजले होते. नर्स आधी नुसतं "लगेच या" म्हणाली, आणि मास्तरांनी पुन्हा विचारल्यावर मग बायको गेल्याचं सांगितलं. मास्तरांनी सुई वर केली, बाही काढून तिची घडी घातली, दिवा बंद केला. एवढं सगळं नीट केलं आणि दुकानाला कुलूप लावायचं मात्र विसरले.

हॉस्पिटलचे कागद घ्यायला ते आधी घरी गेले. दारातच कुत्री. वर्षाची, तांबूस, एक कान पडलेला. ती बायकोची. बांधकामाच्या वाळूतून बायकोने तिला पिल्लू असताना उचलून आणलं होतं, आणि रोज सकाळी अंगणात ती तिच्याशी खेळायची. खेळणं मास्तरांनीच शिवलेलं. जुन्या जीन्सचा पाय घट्ट गुंडाळून, दुहेरी शिलाई मारून, टोकाला धरायला मूठ. खेळ झाला की बायको ते कपाटावर ठेवून द्यायची. बायको चार दिवस हॉस्पिटलात होती, खेळणंही चार दिवस कपाटावरच होतं. कुत्री कपाटाकडे बघून कुईकुई करायला लागली. त्यांनी खेळणं काढून तिच्यापुढे टाकलं.

"घे. तुला तरी काहीतरी मिळू दे."

तिथेच चुकलं.

पहिले दोन दिवस कुत्रीने ते तोंडातून सोडलं नाही. मग कोपऱ्यात बसून चावत राहिली. भेटायला येणारी माणसं आली, चहा पिऊन गेली. पंधरा दिवसांनी ते खेळणं पलंगाखाली पायपुसण्यासारखं पडलेलं होतं. आणि कुत्री हाकेला येईनाशी झाली. बायकोने "ये गं बये!" म्हटलं की असेल तिथून सुटायची, ती आता मास्तरांनी बोलावलं की मान वळवून बघायची आणि परत आपल्या कामाला लागायची. एकदा फाटक उघडं राहिलं आणि ती रस्त्यावर पळाली. एका स्कूटरवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून निभावलं.

शेजारणीने ही बातमी लेकीपर्यंत पोचवली. संध्याकाळी लेकीचा फोन.

"बाबा, कुणाच्या तरी जिवावर बेतेल. आमच्या ऑफिसातल्या एकांकडे मोठी जागा आहे, ते न्यायला तयार आहेत."

"राहू दे गं."

"तुमची हाक तरी ऐकते का ती?"

मास्तरांनी उठून फाटकाची कडी ओढून पाहिली.

"महिन्याने येते मी. तोवर शिकली तर ठीक, नाही तर घेऊन जाते."

घरात आता दोनच जीव होते. त्यातला एक गेला तर दुसऱ्याने कुणासाठी दार उघडायचं, हे मास्तरांनी तिला सांगितलं नाही.

मैदानावर रोज फिरायला येणारे एक हवालदार होते. पोलिसांची कुत्री शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. बायको सगळं त्यांच्याकडूनच शिकली होती. मास्तरांनी त्यांना गाठलं.

"खेळणं कुठे असतं?" हवालदारांनी विचारलं.

"तिच्याजवळच. दिवसभर."

"बोंबला! अहो मास्तर, सारखं समोर पडलेल्या वस्तूची हौस कुणाला राहते? वहिनी तीन मिनिटं खेळायच्या. कुत्री ऐन रंगात आली की खेळ बंद. खेळ हवा तर माणसाकडेच यावं लागतं, हे तिला कळलं होतं. तुम्ही ते मोडलंत."

"दया आली मला."

"येते," हवालदार जरा खालच्या आवाजात म्हणाले. "आता आठ दिवस ते तिला दिसू देऊ नका. मग काढा, आणि उंदीर पळतो तसं तिच्यापासून लांब पळवा. पकडलं की ओढा, मधूनमधून जिंकू द्या. 'सोड' म्हणालात की हात अगदी स्थिर. सोडलं की लगेच पुन्हा खेळ. आणि तोंडाने आवाज करा हो, टाके घातल्यासारखे उभे राहू नका."

नवव्या दिवशी मास्तर अंगणात गुडघ्यावर बसले. खेळणं फरशीवरून ओढलं. कुत्री नुसती बघत राहिली. घरात कित्येक दिवसांत कुणी मोठ्याने बोललंच नव्हतं. "हुर्र," मास्तर म्हणाले. आवाज परक्याचा वाटला. "हुर्रर्र! पळालं, पळालं बघ!" आणि कुत्रीने झडप घातली. खांद्याला असा हिसका बसला की मास्तर आडवेच झाले, आणि हसले. हसल्यावर त्यांनी चोरासारखं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं.

त्या दिवशी घड्याळ बघायचं त्यांच्या जिवावर आलं. खेळ संपला की घर समोर होतंच. वीस मिनिटं झाली तेव्हा कुत्रीनेच खेळणं टाकलं आणि ती सावलीत जाऊन पडली. मास्तर ते हातात धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तीन मिनिटांचा गजर लावला. गजर झाला तेव्हा कुत्री उड्या मारत होती, आणि त्यांचाही हात सुटत नव्हता. "आता उद्या," ते दोघांनाही म्हणाले. खेळणं कपाटावर गेलं. उरलेले तेवीस तास सत्तावन्न मिनिटं दोघांनी वाट पाहायची.

मग हाक. "इकडे ये," मास्तर म्हणायचे आणि ती अर्ध्या वाटेत थांबायची.

"हाक मारताय की गिऱ्हाइकाला मापाला बोलावताय?" कुंपणापलीकडून हवालदार म्हणाले. "वहिनी म्हणायच्या तसं म्हणा की."

ते म्हणायला मास्तरांना तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी एकदाचं तोंडातून निघालं, "ये गं बये!" कुत्रीचा उभा कान आणखी ताठ झाला. तिने आधी मास्तरांच्या मागे, घराच्या दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मग ती मास्तरांकडे आली. त्यांनी पाठीमागून खेळणं काढलं.

ठरल्याप्रमाणे लेक आली. मास्तरांनी फाटकाची कडी घातली. कुत्री पलीकडच्या टोकाला कुंडी हुंगत होती. हाक मारताच कुंडी सोडून ती धावत आली आणि मास्तरांच्या हातातल्या खेळण्याला लटकली.

लेकीने वाकून कुत्रीच्या पाठीवर थाप मारली. मग म्हणाली, "आणि फाटक उघडं असताना?"

"अजून नाही."

"का?"

"नाही आली तर?"

लेकीने पर्स उचलली. "पुढच्या महिन्यात येते मी," ती म्हणाली. "तेव्हा बघू."

ती गेल्यावर मास्तरांनी कडी पुन्हा ओढून पाहिली आणि खेळणं कपाटावर ठेवलं. फाटक उघडं ठेवून हाक मारायची अजून राहिली आहे.