उस्ताद बुश्तांची बढती

फेस शहरातल्या आमच्या कारखान्यात नक्षी पालथी लावतात. फरशीच्या तुकड्यांची रंगीत बाजू जमिनीकडे, मातीची पाठ वर, त्यावर गिलावा, आणि तो वाळला की मगच उलटायचं. तोवर काय लावलंय ते डोळे असलेल्यालाही दिसत नाही. म्हणून तर उस्ताद बुश्तांची नजर जाऊन दोन वर्षं झाली तरी मालकाला पत्ता नव्हता. रोज सकाळी मी त्यांच्या टोपल्या लावून द्यायचो, हिरवे डावीकडे, पांढरे उजवीकडे. पुढचं त्यांची बोटं बघून घ्यायची. आम्हा चौघा कारागिरांना ठाऊक होतं आणि चौघांनीही तोंडाला कुलूप लावलं होतं.

मग मालकाला, हाजी लग्रिसीला, प्रेरणेचं खूळ लागलं. त्यानं कासाब्लांकाहून अन्वर नावाचा एक गुळगुळीत माणूस आणला. अन्वरनं आठवडाभर आमच्या डोक्यावर उभं राहून निकाल दिला की या कारखान्याची प्रेरणा म्हणजे उस्ताद बुश्ता. घड्याळाकडे बघणं नाही, दारातून कोण गेलं त्याची चौकशी नाही. लगेच उस्तादांचा दरवाजाएवढा फोटो भिंतीवर लागला. रोज सकाळी दहा मिनिटं सगळ्यांनी त्याकडे बघायचं, उस्तादांनीसुद्धा. ते बिचारे खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे. एवढा मोठा माणूस आणि स्वतःच्या फोटोकडे ढुंकून बघत नाही, असं अन्वर भरल्या डोळ्यांनी सांगत सुटला.

झालं! मालकानं बढती दिली. उद्यापासून उस्तादांनी जमिनीवर बसायचं नाही, उभं राहून तयार नक्षी नजरेनं तपासायची.

दुपारी बिसारा सुपाच्या वाडग्यात बुडवलेला पाव उस्तादांनी तसाच ठेवला. "हात रिकामे झाले की घरी बसून भिंती चाचपायच्या रे आता," ते म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लपवाछपवी माझीच होती ना!

दुसऱ्या दिवशी एका कारंज्याची नक्षी उलटली, धुतली. कशी झालीय, हाजीनं विचारलं. उस्तादांनी नक्षीवर हात ठेवला.

"हाजी, मला दिसत नाही. दोन वर्षं झाली."

हाजी मटकन खाली बसला. अन्वर मात्र नाचायचाच बाकी होता. "मी काय म्हणत होतो, हाजीसाहेब? लक्ष उडवायला यांना डोळेच नाहीत!"

संध्याकाळपर्यंत चार काळ्या पट्ट्या आल्या. उस्ताद परत आपल्या जागेवर, आणि आम्ही चौघे त्यांच्याभोवती डोळे बांधून. हाजीचं म्हणणं, प्रेरणा अंगात भिनली पाहिजे. भिनतेय डोंबलाची! आमच्यातल्या इद्रिसनं माझ्या बोटावर हातोडी घातली, मी त्याच्या चहात गिलावा ओतला. कुठली टोपली कुणाची, काही कळेना. शेवटी मी तुकडे भिरकावून दिले आणि हे माणसाचं काम नाही म्हणून ओरडलो.

उस्तादांनी चाचपत माझा हात धरला आणि बोटं एका तुकड्याच्या कडेवर ठेवली.

"सवय होते रे," ते हळूच म्हणाले. "पहिले सहा महिने मीपण इथेच बसून रडायचो, रोज. तुम्ही शेजारीच होतात."

मी त्यांच्याशेजारी वीतभर अंतरावर बसत होतो आणि मला कधी कळलं नव्हतं. मला लाज वाटली. पट्टी भिजून पाणी नाकावरून ओघळायला लागलं. हाजीला तो घाम वाटला, आणि त्यानं टाळ्या वाजवल्या.